पांढऱ्या गणवेशाचा राग

उरणकरांना नौदल नवं नाही. करंजाला त्यांचा दारूगोळ्याचा डेपो. टपरीवर गणवेशातला माणूस आला की बाकडं आपोआप मोकळं होतं. त्याच बाकड्यावर मी नानावटीचं गुणगान ऐकत आलो. ‘मर्दानं करायचं तेच केलं त्यानं!’ तरुणपणी मीही मान डोलावली आहे. ती मान ताठ व्हायला खैरलांजी घडावी लागली, हे आधी कबूल करतो आणि मग ‘रुस्तम’बद्दल बोलतो.

2016 चा हा हिंदी सिनेमा. नायकाला राष्ट्रीय पुरस्कारसुद्धा मिळाला. यात नौदल अधिकारी बायकोच्या यारावर गोळ्या झाडतो. पण एवढ्यानं त्याचं सोवळं टिकेना, म्हणून वर संरक्षण खात्यातला भ्रष्टाचार चिकटवला. म्हणजे खून देशासाठी! ज्यूरी निर्दोष म्हणते, टाळ्या पडतात, सिनेमा संपतो.

खरी गोष्ट तिथं संपलेली नाही. 27 एप्रिल 1959 ला कमांडर नानावटीनं बायकोची कबुली ऐकली. मग काय, लगेच भडकला? बायकापोरांना सिनेमाला सोडलं. जहाजावर गेला, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली. प्रेम आहुजाला आधी ऑफिसात शोधलं, मग घरी गाठलं. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं निर्दोष ठरवलं, ते न्यायाधीशाला पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. 1961 साली सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. मधे तीन तास गेले होते, डोकं थंड व्हायला तेवढे पुरे, असं कोर्टाचं म्हणणं. ‘रुस्तम’नं नेमके हे तीन तास आणि ही दोन कोर्टं गिळून टाकली.

कोर्टाबाहेरचा खटला मात्र करंजियांच्या ‘ब्लिट्झ’नं कधीच जिंकला होता. तिथं आरोपी होता आहुजा, म्हणजे मेलेला. तो बाईलवेडा होता ना, मग झालं! राज्यपालांनी आधी शिक्षा स्थगित ठेवली, 1964 मध्ये विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. साहेब कॅनडाला गेले. आणि सिल्व्हिया? तिला काय हवं होतं, हे त्या गदारोळात कुणाला विचारावंसं वाटलं? ती पुरुषाची इज्जत. इज्जतीला तोंड नसतं.

आता पडद्यावरचा माणूस बदलून बघा. कमांडरच्या जागी डेपोत हमाली करणारा आपला पोरगा ठेवा, आणि मेलेला बंगलेवाला. कुठलं साप्ताहिक त्याच्यासाठी छापखाना गरम करील? कुठला राज्यपाल सही करील?

पण एवढंच बोलून थांबलो तर ती लबाडी होईल. आपल्या कवितेतसुद्धा बाईची अब्रू आणि मर्दाचा सूड पुष्कळ आहे. आपल्यालाही ते रिव्हॉल्व्हर आवडतं, फक्त ते आपल्या हातात हवं असतं.

29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखाबाई भोतमांगे, त्यांची मुलगी आणि दोन मुलं जमावानं मारली. भैयालाल तेवढे वाचले. मारहाणीच्या एका प्रकरणात मायलेकींनी साक्ष दिली होती, आणि घराला जमीन होती. तरी बाहेर पहिली बातमी काय पसरली? अनैतिक संबंध, म्हणून गाव चिडलं! बघा, तोच वकील, तोच मुद्दा. मुंबईत एक कमांडर चिडला, इथं अख्खं गाव. दोन्हीकडं मेलेल्याचंच चारित्र्य तपासायला घेतलं. 2008 ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरून सहांना फाशी सुनावली. 2010 ला नागपूर खंडपीठानं ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा कुठल्याच कोर्टात लागला नाही. हायकोर्ट म्हणालं, हा सूड, जात नव्हे. च्यायला, खेड्यात सूडाला जात नसते काय? भैयालाल 2017 ला गेले.

म्हणून म्हणतो दोस्तहो, नानावटीच्या रागाला मान डोलावली की खैरलांजीच्या रागालाही डोलावावी लागते. मधली वाट मला तरी सापडलेली नाही.

2024 च्या जुलैत उरणात एका तरुण मुलीचा खून झाला. आरोपी कर्नाटकात पकडला. कोर्टात अजून काहीच उभं राहिलं नव्हतं, आणि बाकड्यावर दोन सवाल तयार. आरोपी कुठल्या धर्माचा? आणि पोरगी तिथं गेलीच कशाला? मी म्हटलं, पहिल्या सवालानं गुन्हा शाबीत होत नाही, दुसऱ्यानं मेलीलाच पिंजऱ्यात उभं करताय. एकजण उखडला, ‘तू कुणाच्या बाजूचा?’ म्हटलं, मेलीच्या. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारे बाबा म्हणाले, ‘ते तीन तासांचं पुन्हा सांग बरं.’ सांगायला लागलो, तेवढ्यात पनवेलची एसटी लागली.