चमत्काराचा प्रयोग संपल्यावर

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आणि २० ऑगस्टचा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा स्मृतिदिन. या दोन तारखांच्या आगेमागे महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा-महाविद्यालयांत विज्ञान आणि अंधश्रद्धा या विषयावर व्याख्याने होतात. त्यांचा साचा आता चांगलाच रुळला आहे. वक्ता आधी बुवासारखा वागतो. जिभेवर जळता कापूर ठेवतो, 'तूप' ओतून मंत्राने अग्नी पेटवतो, लिंबातून 'रक्त' काढतो. मुले डोळे विस्फारून बघतात. मग एकेका चमत्कारामागची युक्ती उघड होते, हशा आणि टाळ्या होतात. शेवटी राज्यघटनेतले ५१ अ कलम येते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरले, याची आठवण दिली जाते. आभार, चहा, आणि वक्ता पुढच्या गावाला.

या कार्यक्रमांमागचे कष्ट आणि धाडस मोठे आहे. श्रीलंकेत अब्राहम कोवूर, भारतभर बी. प्रेमानंद आणि महाराष्ट्रात १९८९ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते यांनी ही वाट तयार केली. खिशातले पैसे घालून, एस.टी.ने, सामानाची पेटी घेऊन माणसे गावोगाव फिरली. दाभोलकरांनी तर २०१३ साली प्राणांची किंमत दिली आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा या व्याख्यानांची चिकित्सा करताना हा हिशेब विसरून चालणार नाही. पण ज्यांनी आयुष्यभर चिकित्सा करा असे सांगितले, त्यांच्या कार्यक्रमाचीच चिकित्सा करायची नाही, हे त्यांनाही पटले नसते.

माझी तक्रार एकच आहे. ही व्याख्याने मुलांना उत्तरे देतात. उत्तरापर्यंत कसे पोचायचे ते क्वचितच दाखवतात. सभागृहात शिरताना जो मुलगा बुवाच्या शब्दावर विश्वास ठेवत होता, तो बाहेर पडताना वक्त्याच्या शब्दावर ठेवतो. वक्ता बुवापेक्षा प्रामाणिक आहे हे खरे. पण मुलाच्या विचार करण्याच्या रीतीत फरक पडला का?

हळदीचे उदाहरण घ्या. हळदीच्या कागदावर चुन्याचे पाणी शिंपडून लाल ठसे उमटवणे हा या कार्यक्रमातला हमखास प्रयोग. त्याचे स्पष्टीकरण काय दिले जाते? 'ही रासायनिक क्रिया आहे.' हा शब्द मंत्रासारखाच वापरलेला आहे. तो ऐकून मुलाला काहीही जास्त कळलेले नसते. वास्तविक वरणाचा डाग पडलेला सदरा साबणाने धुताना लाल होतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. तिथून सुरुवात केली, साबण, धुण्याचा सोडा, चुना, चिंच, लिंबू, ताक एकेक करून हळदीला लावून पाहिले, तर अर्ध्या तासात मुले स्वतःच दोन गट पाडतील. लाल झालेला डाग लिंबाने पुन्हा पिवळा होतो, हेही त्यांच्याच लक्षात येईल. मग 'दर्शक' हा पाठ्यपुस्तकातला शब्द त्यांना दिला तर तो कामाचा. आधी दिला तर नुसता पाठ होतो.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध प्यायले, तेव्हा हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली. त्यानंतर या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी 'पृष्ठताण' आणि 'केशाकर्षण' हे दोन शब्द आले. दगडाच्या सच्छिद्र मूर्तीने दूध शोषले, असेही कोणी सांगत. पण धातूच्या मूर्तीही दूध पीत होत्याच, त्यांचे काय? हा प्रश्न विचारणारा श्रोता वक्त्याला अडचणीचा वाटला असेल, पण तो खरा विद्यार्थी. दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या शास्त्रज्ञांनी देवळात जाऊन जे केले, ते मला शंभर व्याख्यानांपेक्षा मोलाचे वाटते. त्यांनी दुधात रंग मिसळला. चमच्यातले दूध कमी होत गेले आणि रंगाचा ओघळ मूर्तीवर खाली उतरताना दिसला. पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या कडेवरून मूर्तीकडे ओढले जाते आणि पुढे पातळ थराने खाली उतरते. पांढऱ्या किंवा आधीच ओल्या मूर्तीवर तो थर डोळ्यांना दिसत नाही. 'दूध गेले कुठे?' हा प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर दिसेल अशी व्यवस्था करायची. यासाठी लागतो फक्त चिमूटभर खाण्याचा रंग.

निखाऱ्यांवरून चालण्याबाबत तर वक्त्यांचे स्पष्टीकरणच अनेकदा तपासावे लागते. तळव्याच्या घामाची वाफ होते आणि तिचा थर पायाला वाचवतो, असे सर्रास सांगितले जाते. ऐकायला छान आहे. पण कोळसा आणि त्यावरची राख उष्णतेचे मंद वाहक आहेत, हलक्या निखाऱ्यात साठलेली उष्णता थोडी असते आणि पाय क्षणभरच टेकतो, एवढ्यावर बराचसा उलगडा होतो. चुलीपुढची बाई बाहेर पडलेला निखारा बोटांच्या चिमटीत धरून चटकन आत टाकते, पण तापल्या तव्याला हात लावत नाही. तिला हा फरक अनुभवाने माहीत असतो. घामाचे स्पष्टीकरण आणि हे स्पष्टीकरण यांत निवड कशी करायची, कोरड्या आणि ओल्या तळव्यांत फरक पडायला हवा का, यावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकते. (चर्चाच; मुलांना निखाऱ्यांवर चालवू नये.) श्रद्धेचा दावा खोडताना आपण दिलेला दावाही त्याच तराजूत घालावा लागतो, हे अशा चर्चेतून आपोआप दिसते.

याला आपली वक्तृत्वाची आवडही थोडी कारणीभूत आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची. मराठी माणूस व्याख्यानाला जातो तो चांगले बोलणे ऐकायला. वक्ता रंगला पाहिजे, कोट्या झाल्या पाहिजेत. दीड तासाच्या कार्यक्रमात प्रश्नांना दहा मिनिटे उरतात आणि त्यातली पाच अध्यक्ष घेतात! पण याच मातीत दुसरीही परंपरा आहे. गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे मुख्यतः प्रश्नोत्तरे. बाबा विचारत, समोरचा समाज उत्तर देई, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे आणि लोक आपल्याच तोंडाने आपली चूक बोलून जात. विज्ञानाच्या व्याख्यात्यांनी ही परंपरा जास्त जवळची मानायला हवी होती.

मग व्याख्यानात सांगायचे काय? माझ्या मते महाराष्ट्रात घडलेली एक चाचणी अशा प्रत्येक व्याख्यानाच्या मध्यभागी असायला हवी. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, दाभोलकर आणि स्वतः आधी ज्योतिषाचा व्यवसाय केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी जाहीर केली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यांतली १०० मुले अभ्यासात हुशार होती आणि १०० मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्याने फक्त एवढेच सांगायचे की ही पत्रिका पहिल्या गटातली की दुसऱ्या. कोणती पत्रिका कोणाची, याची नोंद अशा रीतीने ठेवली होती की ती ज्योतिषांनाही कळू नये आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्यांनाही. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. नुसता रुपया उडवून छापा-काटा केला तरी ४० पैकी २० च्या आसपास बरोबर येणारच. सर्वांत यशस्वी ज्योतिषाचे २४ बरोबर आले. सगळ्यांची सरासरी निम्म्यालाही पोचली नाही. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या, तिचे १०२ बरोबर निघाले.

या चाचणीतला निकाल व्याख्यानांत अधूनमधून सांगितला जातो. रचना मात्र सांगितली जात नाही, आणि खरा धडा रचनेत आहे. कसोटी आधी ठरवायची, निकाल हाती आल्यावर नाही. 'कष्टाळू स्वभाव, मध्यम वयात भाग्योदय' असली कुणालाही लागू पडणारी उत्तरे चालणार नाहीत, असा नेमका प्रश्न निवडायचा. नशिबाने किती बरोबर येतील याचा हिशेब आधी करायचा. चाळीसपैकी चोवीस हा आकडा ऐकून नववीचा विद्यार्थी विचारील, 'म्हणजे साठ टक्के! त्या ज्योतिषाला थोडे तरी येत असेल ना?' त्याला गप्प करू नये. वर्गातल्या २७ मुलांना प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवायला लावावे. सत्तावीसांतल्या एखाद्याचे चोवीस किंवा त्याहून जास्त छापे पडतात की नाही, हे त्याने स्वतः मोजावे. या प्रयोगाला ना रसायन लागते ना पेटी.

दुसरी उणीव अशी की व्याख्यान सगळीकडे सारखेच असते. साताऱ्याला तेच, नागपूरला तेच, आणि पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याने निघाल्यावर पळस्प्याच्या पुढे लागणाऱ्या कोन गावातही तेच. आता कोनच्या आसपास द्रुतगती मार्ग आहे, उंच इमारती आहेत. पण पावसाळ्यात त्यांच्या पायथ्याशी भातशेती, गवत आणि डोंगरउतार आहेतच. म्हणजे साप आणि विंचू आहेत. इथल्या मुलाच्या दृष्टीने लिंबातले रक्त ही करमणूक आहे. साप चावलेल्या माणसाला आधी कुठे न्यायचे, हा जिवाचा प्रश्न आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

इथे 'मांत्रिक लबाड असतो' हे वाक्य उपयोगाचे नाही, कारण गावातल्या लोकांनी मांत्रिकाकडे गेलेली माणसे बरी झालेली डोळ्यांनी पाहिलेली असतात. त्यांना मूर्ख समजणारा वक्ता तिथेच हरतो. त्यांचा अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे, आणि का चुकला ते फळ्यावर मांडता येते. समजा, १०० जणांना साप चावला. त्यांतले ७५ साप बिनविषारी होते असे धरू. उरलेल्या २५ विषारी दंशांपैकी १० वेळा सापाने विष टोचलेच नाही. म्हणजे ८५ माणसे काहीही न करता वाचणार. मंत्र घातला तरी, लिंबू उतरवले तरी. मांत्रिकाच्या खात्यावर शंभरातले ८५ यश जमा! (हे आकडे गणितापुरते घेतले आहेत, जागेप्रमाणे ते बदलतील.) ज्या १५ जणांना नाग, मण्यार, घोणस किंवा फुरशाने खरोखर विष टोचले, त्यांचे मंत्रात गेलेले तास परत मिळत नाहीत. प्रतिविष मिळणाऱ्या दवाखान्याची खरी परीक्षा या पंधरांवरच होते. ही बेरीज-वजाबाकी सातवीच्या मुलाला येते.

आणि त्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, ही रीत प्रत्यक्षात कशी वापरतात याचे उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून पाहिले. दगावण्याचे प्रमाण पूर्वी शंभरात तीसच्या आसपास होते, ते एकाच्याही खाली आले. पण मला जास्त सांगावीशी वाटते ती पुढची गोष्ट. ज्या औषधाने नाव झाले, तेच पुरेसे आहे असे धरून ते थांबले नाहीत. ७० रुग्ण घेतले. कोणाला कोणता उपचार हे आपल्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने ठरवले. ३५ जणांना प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनंतर पहिल्या गटातले ८ बरे झाले होते, दुसऱ्यातले ३२. २०११ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच्याच उपायाची अशी परीक्षा घेणारा मांत्रिक कोणी पाहिला आहे का, हे मुलांना विचारावे.

व्याख्यान ठेवणाऱ्या शिक्षकांकडेही यात काम आहे. मुलांनी स्वाक्षरी मागितली की नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. २०२५ साली ते गेले, पण ती युक्ती कोणालाही वापरता येण्याजोगी आहे. व्याख्यानाच्या आठ दिवस आधी मुलांकडून, शक्य तर त्यांच्या घरच्यांकडूनही, प्रश्न लिहून घ्यावेत आणि ते जसेच्या तसे वक्त्याकडे धाडावेत. 'साप चावला तेव्हा काकाला मांत्रिकाकडे नेले, तो बरा कसा झाला?' असे एखादे कार्ड त्यांत असेल, तर त्या दिवशी पेटी बंदच राहिली तरी चालेल. दीड तास त्यालाच पुरणार नाही.