वाटा दोन, पूल एकच

आज आपण मोबाइल नेटवर्कमधल्या एका कल्पनेची चिकित्सा करणार आहोत. कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकू या. आपली तक्रार तिच्यावर नाही, तिच्या नावावर जे आश्वासन दिलं जातं त्यावर आहे.

कल्पना अशी. एकच वाट बंद पडू शकते, म्हणून तोच डेटा एकाच वेळी दोन वाटांनी पाठवायचा. जी प्रत आधी पोहोचेल ती घ्यायची, दुसरी टाकून द्यायची. आणि दोन वाटा कधी वापरायच्या, कधी एकीवर भागवायचं, हे परिस्थिती बघून नेटवर्कनेच ठरवायचं.

याचं साधं रूप आपल्या खिशात आहे. घरातून बाहेर पडताना वाय-फाय क्षीण होतं, फोन त्याला चिकटून बसतो आणि सगळं अडकतं, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा. त्यावर उपाय म्हणून मल्टिपाथ टीसीपी ही पद्धत २०१३ साली प्रायोगिक स्वरूपात प्रसिद्ध झाली. एकाच जोडणीत वाय-फाय आणि मोबाइल डेटा या दोन्ही वाटा वापरता येतात. त्याच वर्षी ॲपलने ती सिरीसाठी घेतली.

फाइव्ह-जीने याच्या पुढचं पाऊल टाकलं. ३२ बाइटचा छोटा निरोप एक मिलिसेकंदाच्या आत पोहोचावा आणि लाखात फार तर एकदा चुकावा, असं उद्दिष्ट त्यात ठेवलं गेलं. त्यासाठी प्रमाणकांच्या रिलीज १५ मध्ये पॅकेटच्या दोन प्रती काढून त्या दोन वेगळ्या वारंवारितांवरून किंवा दोन वेगळ्या बेस स्टेशनांवरून पाठवण्याची सोय आली. रिलीज १६ मध्ये प्रतींची संख्या चारपर्यंत गेली. आता बघा, प्रत दुप्पट म्हणजे लहरींचा खर्चही जवळजवळ दुप्पट, आणि तो त्याच टॉवरवरच्या इतरांच्या वाट्यातून जाणार. म्हणून बेस स्टेशन गरजेप्रमाणे ही नक्कल चालू किंवा बंद करतं. हा झाला समन्वय.

इथपर्यंत आमचं काही म्हणणं नाही. अडचण हिशोबात आहे.

समजा, प्रत्येक वाट हजारात एकदा दगा देते. दोन्ही एकदम दगा देण्याची शक्यता किती? हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एकदा. विक्रीच्या सादरीकरणात हाच आकडा झळकतो. पण हा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा दोन्ही वाटांचं नशीब वेगळं असतं. दोन्ही टॉवर एकाच फायबरवर असतील आणि ती दहा हजारांत एकदा तुटत असेल, तर तुमचा आकडा दहा लाखांवरून थेट दहा हजारांवर येतो. शंभरपट वाईट. मग वर हवेत प्रती चार काढा नाहीतर चाळीस, फरक पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे कागदावरचं गणित झालं. तर कॅनडाकडे बघू. ८ जुलै २०२२ च्या पहाटे रॉजर्स या कंपनीचं नेटवर्क देशभर बंद पडलं. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक अडकले. कोअर नेटवर्कच्या सुधारणेचं काम चालू असताना राउटरवरचा एक फिल्टर काढला गेला, मार्गांच्या माहितीचा पूर आला आणि कोअर कोसळलं. मोबाइल आणि घरातलं इंटरनेट, ग्राहकाला वाटणाऱ्या दोन वाटा, त्याच एका कोअरवर उभ्या होत्या. दुरुस्तीसाठी वापरायचं व्यवस्थापन नेटवर्कही त्याच्यावरच अवलंबून. आणि सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. टॉवर जिवंत होते, त्यामुळे अनेक फोन त्यांनाच धरून बसले. ९११ वर आणीबाणीचा फोन करायला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरकडे गेले नाहीत. सिग्नल दिसत होता, पण हाक कुठेच जात नव्हती.

आमच्या टीकेचा गाभा हाच आहे. समन्वय करणाऱ्याला जे दिसतं, त्याचाच तो समन्वय करतो. बेस स्टेशनला लहरी दिसतात. रस्त्याखालची चर दिसत नाही, वीज कुठून येते ते दिसत नाही, कोअरमध्ये काय चाललंय तेही दिसत नाही. शिवाय रिलीज १५ च्या पद्धतीत प्रती जिथे फुटतात आणि जिथे पुन्हा जुळतात, तो नेटवर्कमधला बिंदू एकच असतो. तो गेला की दोन्ही वाटा गेल्या. न्यायाने बोलायचं तर रिलीज १६ ने याची दखल घेतली. फोनपासून पलीकडच्या टोकापर्यंत दोन स्वतंत्र सत्रं उभारायची तरतूद त्यात आहे. पण त्या दोन सत्रांच्या केबल एकाच डक्टमधून टाकायच्या की वेगळ्या, हे कुठलाही प्रोटोकॉल ठरवत नाही. ते खणणारा आणि पैसे मोजणारा ठरवतो.

आपल्या कोकणाने हे भोगलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्यानंतर कित्येक गावांत वीज नव्हती आणि फोनही नव्हते. घरात दोन कंपन्यांची सिमकार्डं होती, त्यांचा काय उपयोग? वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली, की दोन्ही सिम सारखीच मुकी होतात.

मग दोन वाटांची कल्पना सोडायची का? मुळीच नाही. चालत्या गाडीत, गर्दीत, लहरींच्या अडथळ्यांवर ती खरोखर काम करते. पण तिच्या भरवशावर रुग्णवाहिका किंवा कारखान्यातलं यंत्र चालवायचं असेल, तर आधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. या दोन वाटा कुठे एकत्र येतात? त्यांची वीज एकच आहे का? आणि समन्वय करणाराच बंद पडला, तर फोनला ते कळतं का आणि तो दुसरीकडे जातो का? यांची उत्तरं नकाशासकट मिळाली नाहीत, तर ९९.९९९ टक्क्यांच्या आकड्यावर आपण सही करू नये.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ या.