तापाचा ठावठिकाणा : दोन निबंधांचे वाचन

मी वैद्यकाचा पदवीधर नाही. पण वैद्यकीय निबंध हाही अखेर मजकूरच, आणि त्यातले शब्द तपासायला पदवी लागत नाही. पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांचा शंभर रुग्णांवरचा १९६१चा निबंध ‘कारण न सापडणाऱ्या तापा’च्या चर्चेत आजही पहिल्यांदा उघडला जातो. वारंवार १०१ अंशांवर जाणारा, तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा, आठवडाभर रुग्णालयात शोधूनही निदान न झालेला ताप, ही व्याख्या त्यांचीच. शंभरांपैकी अवघे सात जण निदानाविना राहिले. काहींच्या निदानासाठी पोट उघडून पाहावे लागले होते, हे या आकड्यात दिसत नाही.

२००७ मध्ये ब्लीकर-रोव्हर्स आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील ७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताशी सीटी होते, पेट स्कॅन होते, तरी ५१ टक्के रुग्णांचे निदान झाले नाही. यंत्रे वाढली आणि ज्ञान घटले की काय? तसे नाही. पोटातले गळू आता सोनोग्राफीत लवकर सापडते. तो रुग्ण या व्याख्येपर्यंत पोचतच नाही. उरतात ते अवघड.

माझा आक्षेप आहे तो ‘उपयुक्त’ या शब्दाला. या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश पेट स्कॅन उपयुक्त ठरले, म्हणजे निदानाकडे नेणारे. या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. पेशी ती जिथे अधाशासारखी घेतात तिथे चित्र उजळते. पण क्षय, लिम्फोमा, धमन्यांचा दाह, सगळेच साखर खातात. चित्र ‘कुठे’ ते सांगते, ‘काय’ ते नाही. सुई कुठे टोचायची हे कळणे थोडे नव्हे. तरी निदान होते ते सुईने काढलेल्या तुकड्यावर. उलट, स्वच्छ स्कॅन आलेल्यांचा ताप आपोआप ओसरण्याची शक्यता अधिक, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. तो दिलासा ‘उपयुक्त’च्या रकान्यात बसत नाही.

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून पेट आहे. पण डच टक्केवारी आपल्याकडे जशीच्या तशी उचलता येणार नाही. क्षय इतका सर्रास असताना, छातीतली उजळलेली गाठ पाहून तुकडा न तपासताच क्षयाची औषधे सुरू करण्याचा मोह मोठा. ती गाठ लिम्फोमाची निघाली तर गेलेले महिने परत मिळत नाहीत. अहवालात ‘क्षयाशी सुसंगत’ असे लिहिले असेल, तर ते चूक नसते. ‘लिम्फोमाशीही सुसंगत’ हे तेवढे लिहायचे राहिलेले असते.