घनगर्जनेतील लोकवाद्ये : पाहुणी की घरची?

वाद्य हे केवळ नाद काढण्याचे साधन नव्हे. ज्या समाजात ते जन्मते, त्या समाजाची चाल, श्वास आणि श्रद्धा त्याच्यात साठविलेली असते. म्हणूनच एखादे लोकवाद्य आपले अंगण सोडून परक्या मंडपात जाऊन बसते, तेव्हा रसिकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : तेथे त्याचा अधिकार किती? मंडपाला शोभा यावी म्हणून ते टांगले आहे, की त्याच्या शब्दावर मंडप हालतो? ‘हेवी मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य संगीतप्रकारात आज देशोदेशींची लोकवाद्ये शिरली आहेत. त्यांच्याविषयी हाच प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

प्रथम त्या मंडपाची रचना पाहू. हे संगीत इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी, ‘ब्लॅक सॅबथ’ या मंडळीच्या 1970 मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेने नावारूपास आले, असे सामान्यतः मानले जाते. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा मुद्दाम फाटका केलेला, जाड स्वर हा त्याचा देह; आणि पायाने वाजवावयाचा मोठा ढोल, हाताखालची स्नेअर, टॉम व थाळ्या मिळून होणारा ड्रमसेट हा त्याचा कणा. चार मात्रांच्या आवर्तनात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर स्नेअरचा सणसणीत आघात, ही तेथील नित्याची रीत. वेग वाढला की तेच आघात इतके दाट होतात की ताल सरून केवळ खणखणाट उरतो. अशा ठिकाणी लोकवाद्यापुढे दोन संकटे उभी राहतात. त्याचा आवाज गिटारीखाली बुडतो, हे पहिले. ध्वनिवर्धक लावून ते टाळता येते. परंतु त्याची मूळची लय चार मात्रांच्या चौकटीत ठोकून बसविली जाते, या दुसऱ्या संकटावर यंत्राचा इलाज नाही. तेथे वादकाचाच विवेक हवा.

हा विवेक ज्यांनी दाखविला, त्यांत ब्राझिलमधील ‘सेपुल्तुरा’ या मंडळीचे नाव आम्ही अग्रभागी घेऊ. 1984 मध्ये बेलो ओरिझोंते या शहरी माक्स आणि इगोर या कावालेरा बंधूंनी ती उभारली. नाव पोर्तुगीज, अर्थ थडगे. गोमंतकाप्रमाणेच ब्राझिललाही पोर्तुगीज सत्तेचा दीर्घ इतिहास आहे, आणि परकी भाषा व परके वाद्य हाती आल्यावर आपले काय उरते हा प्रश्न तेथेही जुना आहे. आरंभीची वर्षे या मंडळीने उत्तर अमेरिका व युरोपातील धाटणीतच घालविली. 1993 च्या ‘केऑस ए. डी.’ या ध्वनिमुद्रिकेत मात्र वळण दिसू लागते. तिचा प्रारंभ गर्भस्थ बालकाच्या हृदयाच्या ठोक्यांनी होतो, आणि त्या ठोक्यांतून इगोरचे ढोल वर येतात. ‘टेरिटरी’ या गीताचा दरवाजाही टॉमच्या घुमाऱ्यानेच उघडतो.

या वळणाची परिणती म्हणजे 1996 मधील ‘रूट्स’, अर्थात मुळे. साल्वादोर येथील तालवादक कार्लिन्योस ब्राउन यांस या ध्वनिमुद्रिकेसाठी सोबत घेतले होते. बाइया प्रांतातील हे शहर आफ्रिकेतून दास म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी घडविलेल्या वाद्यसंस्कृतीचे मोठे केंद्र होय. तेथून उमललेल्या सांबाच्या वाद्यमेळात ‘सुर्दो’ नावाचा मोठा ढोल असतो. त्याचा मुख्य भार दोन मात्रांपैकी दुसरीवर पडतो; समेवर पाय रोवण्याची सवय असलेल्या कानास जणू जमीनच किंचित सरकल्यासारखी वाटते. ‘रातामाहात्ता’ या पोर्तुगीज गीतात हा स्वभाव उत्तम उतरला आहे. तेथे गिटारी राग आळवीत नाहीत, सूर विणीत नाहीत. त्या स्वतःच ढोल होऊन आघात करतात. ब्राउन यांचा आवाज आणि ढोल यांच्यात सवालजबाब चालतो, आणि शब्दांत झुंबी येतो. पळून गेलेल्या दासांनी वसविलेल्या पाल्मारेस या वसाहतीचा हा नायक 1695 मध्ये मारला गेला. येथे लोकताल पाहुणा नाही. त्यानेच घराची मांडणी बदलली आहे.

परंतु गुणगान करताना दोष झाकणे हा समीक्षेचा धर्म नव्हे. याच ध्वनिमुद्रिकेतील ‘अॅटिट्यूड’ या गीताच्या आरंभी बेरिंबाव वाजते. लाकडी धनुष्याला एक तार, खाली भोपळा, आणि तारेवर काठीचा आघात, असे हे साधे वाद्य. कापोएइरा या ब्राझिली युद्धनृत्यात त्याचा मान मोठा आहे : खेळाची गती तेच ठरविते, आणि त्याने चाल बदलली की खेळणाऱ्यांस बदलावे लागते. या गीतात मात्र ते नांदी म्हणून येते आणि गिटारींचा लोंढा आला की मागे पडते. ज्याच्या हाती सूत्रे असावयाची, त्यास द्वारपाल केले, अशी आमची तक्रार आहे.

याउलट ‘इत्सारी’. हे मातो ग्रोसो प्रांतातील शावांते जमातीच्या गावी जाऊन, त्या लोकांसमवेत ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या भाषेत इत्सारी म्हणजेही मूळ. येथे विजेची गर्जना थांबली आहे; गायन जमातीचे, मंडळी केवळ साथीला. समाजाच्या विधीशी जडलेले गान विक्रीच्या तबकडीवर यावे काय, अशी शंका देवळाच्या अंगणात वाढलेल्या आपल्या वाचकांस येईल, आणि ती रास्त आहे. विधीपासून तुटलेला स्वर अर्धाच असतो. तरीही तो स्वर चोरून आणलेला नाही, कापून गिटारीखाली चिकटविलेला नाही. ज्यांचा तो आहे त्यांच्याच कंठातून, त्यांच्याच भूमीवर तो उमटला आहे. एवढी मर्यादा पाळणारे या क्षेत्रात थोडेच.

इतरांशी ताडून पाहता हा भेद अधिक स्पष्ट होतो. मंगोलियातील ‘द हू’ या मंडळीच्या 2019 च्या ‘द गेरेग’ मध्ये घोड्याच्या केसांच्या तारा असलेले मोरिन खूर आणि कंठाच्या तळातून काढलेला खर्ज हेच गानाचे धनी आहेत. सुरांचा संसार पूर्णतः त्यांचा. पण ढोलाची चाल बहुधा सरळ आणि एकसुरी राहते. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने 2022 च्या ‘रक्षक’ मध्ये ढोलास कायमचे आसन दिले. ड्रमसेट जेथे थांबून ऐकतो तेथे ढोलाची झुलती लय गिटारींनाही झुलविते. जेथे दोघे एकदम कोसळतात तेथे ढोल केवळ गलबल्यात भर घालतो.

या साऱ्यातून निकष निघतो तो आपल्या घरचाच आहे. गोमंतकातील देवळात आरतीला घुमट, शामेळ आणि कांसाळे वाजतात, तेव्हा घुमट हा अलंकार नसतो. आरती केव्हा चढावयाची आणि केव्हा स्थिरावावयाची, हे गाणाऱ्यांस त्याच्याकडून कळते. 2019 मध्ये गोवा शासनाने त्यास राज्याच्या वारसावाद्याचा मान दिला, हे योग्यच झाले. परंतु वाद्याचा खरा मान घोषणेत नसून त्याच्या हाती असलेल्या सूत्रात आहे. उद्या एखादा तरुण घुमट घेऊन या घनगर्जनेत उतरला, तर त्यास अडविण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. त्याने ‘रातामाहात्ता’ ऐकावे आणि ‘अॅटिट्यूड’ही ऐकावे, दोहोंमधील अंतर ओळखावे. घुमट काढून घेतला असता गीत होते तसेच उभे राहात असेल, तर तो तेथे नव्हताच असे समजावे. गीत कोसळत असेल, तरच तो घरचा झाला.