३५ टक्के कशाचे?

जानेवारी २०२४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात स्वीडनमधला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. केट बोलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७,६५२ पुरुषांच्या नोंदी तपासल्या होत्या. निष्कर्ष असा होता : ज्यांचा दमसास वर्षाला ३ टक्के किंवा अधिक वाढत गेला, त्यांच्यात प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान होण्याचा धोका, ज्यांचा दमसास तितकाच घटत गेला त्यांच्यापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी आढळला. बातमीत येईपर्यंत या वाक्याचे क्रियापद बदलले. ‘कमी आढळला’ याचे ‘कमी होतो’ झाले, आणि पुढे ‘कमी करा’ असा उपदेशही झाला. व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकांना हा फरक लगेच जाणवेल. विज्ञान शिकवणाऱ्यांनाही तो जाणवायला हवा, कारण सारा वाद या क्रियापदातच आहे.

निबंध टाकाऊ आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याच्या जमेच्या बाजू भक्कम आहेत. ‘तुम्ही आठवड्यातून किती वेळा व्यायाम करता?’ असे विचारून माणसाच्या स्मरणावर आणि प्रामाणिकपणावर विसंबून राहण्याऐवजी येथे दमसास प्रत्यक्ष मोजला होता, आणि तोही किमान दोनदा. एका जागी रोवलेल्या सायकलवर ठरावीक भाराने पायडल मारायचे, नाडीचे ठोके मोजायचे आणि त्यावरून शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती लिटर ऑक्सिजन वापरू शकेल याचा अंदाज बांधायचा, अशी ही चाचणी आहे. पेर-ओलोफ ऑस्ट्रांड आणि इर्मा रिमिंग यांनी १९५४ मध्ये ती मांडली. आणखी एक शहाणपण असे की, बोलम यांनी ऑक्सिजनचा आकडा वजनाने भागला नाही. भागला असता तर नुसते वजन उतरलेला माणूसही दमसास वाढल्यासारखा दिसला असता. स्वीडनमध्ये १९४७ पासून प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक आहे आणि १९५८ पासून कर्करोगाची राष्ट्रीय नोंदवही आहे. त्यामुळे पुढे कोणाला कर्करोग झाला हे शोधायला दारोदार फिरावे लागत नाही. असा कच्चा माल मिळाला तर कोणत्याही संशोधकाला हेवा वाटेल.

आता आकडेमोड करू. सरासरी ६.७ वर्षांच्या काळात या ५७,६५२ जणांपैकी ५९२ जणांना हा कर्करोग असल्याचे निदान झाले. म्हणजे हजारी सुमारे १०. समजा, दमसास घटलेल्या गटात हे प्रमाण हजारी १२ होते. (हा आकडा केवळ उदाहरणापुरता घेतला आहे.) त्यातून ३५ टक्के वजा केले की उरतात जवळजवळ ८. हजार पुरुषांमागे ४ जणांचा फरक, तोही सुमारे सात वर्षांत. ‘धोका ३५ टक्क्यांनी कमी’ आणि ‘हजारांत ४ रुग्ण कमी’ ही दोन्ही विधाने एकाच वस्तुस्थितीची आहेत. पण पहिले ऐकून माणूस धावायचे बूट विकत घेतो आणि दुसरे ऐकून चहाचा पुढचा घोट घेतो. आठवीचा विद्यार्थीसुद्धा शेकडेवारीत ‘कशाचे ३५ टक्के?’ असे विचारायला शिकलेला असतो. वर्तमानपत्र वाचताना मात्र आपण तो प्रश्न घरी ठेवून येतो.

याच निबंधातल्या दोन गोष्टी बातम्यांत सहसा आल्या नाहीत. एक, सुरुवातीच्या दमसासानुसार पुरुषांचे कमी, मध्यम आणि उत्तम असे तीन गट केले, तेव्हा दमसास वाढण्याचा आणि धोका घटण्याचा ठळक संबंध फक्त मधल्या गटात दिसला. दोन, या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंशी दमसासातील बदलाचा संबंध दिसला नाही. मृत्यू एकूण ४६ होते. एवढ्या थोड्या संख्येवरून ‘संबंध नाही’ असेही ठामपणे म्हणता येत नाही, आणि ‘आहे’ असे तर नाहीच. शिवाय सुरुवातीला या पुरुषांचे सरासरी वय चाळिशीच्या आसपास होते. हा आजार मुख्यतः साठीनंतरचा. म्हणजे खरा सामना सुरू होण्याच्या आधीच धावफलक वाचल्यासारखे झाले.

पण मला जास्त खटकते ते वेगळेच. २०१५ मध्ये अमेरिकेतील डॅलसच्या कूपर केंद्राच्या नोंदींवरून एक अभ्यास ‘जामा ऑन्कॉलॉजी’त आला होता. त्यात १३,९४९ पुरुष होते. मध्यमवयात ज्यांचा दमसास उत्तम होता त्यांना फुफ्फुसाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी झाला. प्रोस्टेटचा मात्र कमी दमसास असलेल्यांपेक्षा २२ टक्के *जास्त* आढळला! २०२३ मध्ये एलिन एकब्लोम-बाक यांनी स्वीडनच्याच १,७७,७०९ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही दमसास चांगला असल्याने प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान कमी झाले असे दिसले नाही. म्हणजे ज्याचा दमसास चांगला *आहे* त्याला धोका कमी नाही, पण ज्याचा दमसास *वाढला* त्याला कमी. हे कोडे सोडवल्याशिवाय कोणाला सल्ला देणे घाईचे ठरेल.

कोड्याची एक किल्ली या आजाराच्या स्वभावात आहे. प्रोस्टेट, म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, पुरुषांच्या मूत्राशयाच्या तळाशी असते. तिच्यातल्या कर्करोगाच्या पेशी अनेकदा इतक्या संथ वाढतात की, माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणाने जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. इतर कारणांनी मरण पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात असे कर्करोग मोठ्या प्रमाणावर सापडतात. साहजिकच, जो शोधतो त्याला सापडतो. रक्तातील पीएसए हे प्रथिन मोजण्याची चाचणी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पसरली आणि प्रोस्टेटच्या नव्या रुग्णांचा आलेख एकदम उसळला. १९९२ च्या सुमारास तो शिखरावर पोचला आणि मग उतरला. त्या चार-पाच वर्षांत अमेरिकी पुरुषांची जीवनशैली काही उलटीपालटी झाली नव्हती. बदलले होते ते शोधणे.

प्रकृतीबद्दल जागरूक असणारा माणूस धावतोही आणि तपासण्याही करून घेतो. त्यामुळे कूपर केंद्रातील धावणाऱ्यांमध्ये हा कर्करोग जास्त सापडला असावा, अशी शंका त्या संशोधकांनीच मांडली होती. हीच शंका स्वीडनच्या निष्कर्षावर उलट बाजूने लावून पाहा. ज्याचा दमसास घटत चालला आहे त्याला दम लागतो, पाठ दुखते, वजन वाढते. तो डॉक्टरकडे जातो, रक्त तपासले जाते आणि आजवर गुपचूप बसलेला कर्करोग वहीत नोंदला जातो. असे झालेच असेल असे माझे म्हणणे नाही. पण असे झाले नाही हे दाखवण्याची जबाबदारी ‘कमी करा’ म्हणणाऱ्यांवर आहे.

व्यायामाने इन्शुलिन आणि त्यासारखी संप्रेरके, शरीरातील दाह, प्रतिकारशक्ती या सर्वांवर परिणाम होतो आणि म्हणून कर्करोग टळतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्याजोगे आहे. परंतु कूपरचा २२ टक्के जास्तीचा आकडा हाती असता तर पुरुषी संप्रेरकांवर भार टाकून तेवढेच पटण्याजोगे उलट स्पष्टीकरण संध्याकाळपर्यंत तयार झाले असते.

दुसरी किल्ली मोजण्याच्या पद्धतीत आहे. सायकलच्या चाचणीत दमसासाचा केवळ अंदाज मिळतो, आणि त्यात दहा-पंधरा टक्क्यांची चूक सहज असू शकते. रात्रीचे जागरण, मनावरचा ताण, नुकतीच घेतलेली कॉफी, काही रक्तदाबाच्या गोळ्या, या सर्वांनी नाडी वरखाली होते. दोन चाचण्यांत एकाच वर्षाचे अंतर असेल तर दहा टक्क्यांची चूक ‘वर्षाला दहा टक्के बदल’ म्हणून नोंदली जाईल. पाच वर्षांचे असेल तर तीच चूक ‘वर्षाला दोन टक्के’ होईल. मग ३ टक्क्यांच्या रेषेवर कोण खरोखर सुधारला आणि कोण फक्त त्या दिवशी नीट झोपून आला होता?

हे वर्गात करून पाहता येते. चाळीस मुलांना सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या बाकावर तीन मिनिटे एका तालात चढ-उतार करायला लावा आणि लगेच अर्धा मिनिट नाडी मोजा. (दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना फक्त नोंदी ठेवायचे काम द्या.) दोन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. पहिल्या दिवशी ज्या दहा मुलांची नाडी सर्वांत जास्त होती त्यांची दोन्ही दिवसांची सरासरी काढा. बहुधा दुसऱ्या दिवशी ती उतरलेली दिसेल. मुलांना विचारा, ‘दोन दिवसांत यांनी कोणता व्यायाम केला?’ मग सर्वांत कमी नाडी असलेल्या दहा जणांची सरासरी काढा. ती चढलेली दिसेल. टोकाचा आकडा पुन्हा मोजला की सरासरीकडे सरकतो, हा संख्याशास्त्रातला नियम पुस्तकातून शिकवायला अर्धा तास लागतो आणि तरी तो समजत नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी, व्यायाम तर चांगलाच ना, असे कोणी म्हणेल. चांगलाच. हृदयासाठी, मधुमेहासाठी, झोपेसाठी त्याचे फायदे या ३५ टक्क्यांवर अवलंबून नाहीत. पण प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झालेल्या पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाला ‘वेळेवर चालायला लागला असता तर?’ असे घरातले आणि शेजारचे ऐकवतात, तेव्हा या आकड्याचे ओझे त्याच्या डोक्यावर बसते. हजारांत चारचा, तोही अनिश्चित, फरक एका माणसाच्या दोषारोपपत्रात जमा होतो. दुसरीकडे, भीतीपोटी केलेल्या तपासणीत निरुपद्रवी गाठ सापडते, तिच्यावर शस्त्रक्रिया होते, आणि लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता गमावण्याची पाळी येऊ शकते. आकडा नीट वाचणे हा केवळ गणिताचा शौक नव्हे.

मध्यमवयात केलेल्या बदलाने पुरुषांचा कर्करोग टळतो याचा पक्का पुरावा हवा असेल तर तो दुसरीकडे आहे. रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ब्रिटनमधील पुरुषांचा हिशेब मांडला. सिगारेट ओढतच राहिलेल्या १०० पुरुषांपैकी सुमारे १६ जणांना वयाच्या ७५ वर्षांपर्यंत फुफ्फुसाचा कर्करोग गाठतो. साठाव्या वर्षी सोडली तर १०, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ३, तिसाव्या वर्षी २. येथे भाषा हजारांची नाही, शेकड्यांची आहे. काळही सात वर्षांचा नसून आयुष्यभराचा आहे, हे तुलना करताना विसरू नये. हाही निरीक्षणात्मकच अभ्यास. पण परिणाम इतका मोठा, जितक्या लवकर सोडावे तितका फायदा इतका क्रमवार, आणि निरनिराळ्या देशांत इतका सारखा, की दुसरे कोणतेही स्पष्टीकरण टिकत नाही. एकब्लोम-बाक यांच्या अभ्यासात तर दमसास आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा दिसलेला संबंध धूम्रपानाचा हिशेब नीट धरल्यावर जवळजवळ विरून गेला होता. श्रेय धावण्याला मिळत होते, ते मुख्यतः न ओढलेल्या सिगारेटीचे होते. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग ओठ आणि तोंडाचा आहे, आणि त्याचे मुख्य कारण कोणत्या पुडीत मिळते हे शिक्षकांना सांगायला नको.

मग व्यायाम आणि कर्करोग यांचा कार्यकारणभाव कधी सिद्धच होणार नाही का? होऊ शकतो, आणि एका ठिकाणी झालाही आहे. जून २०२५ मध्ये एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ स्त्री-पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शकासह व्यायाम, दुसऱ्याला आरोग्याची माहिती देणारे साहित्य. आठ वर्षांनंतर पहिल्या गटातले ९०.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ८३.२ टक्के. गट नशिबाने ठरल्यामुळे ‘मुळातच निरोगी माणसे व्यायामाकडे वळली’ ही पळवाट येथे बंद होते. मात्र हे रोग झालेल्यांविषयी आहे, निरोग्यांना रोग होऊ नये याविषयी नाही. आणि आतड्याविषयी आहे, प्रोस्टेटविषयी नाही. या चाचणीत रुग्णांची भरती २००९ मध्ये सुरू झाली होती.

प्रोस्टेटसाठी अशी चाचणी करायची झाली तर किती माणसे लागतील? हजारी १० चे साडेसहा झाले हे खात्रीने पकडायला, माझ्या ढोबळ हिशेबाने, प्रत्येक गटात सुमारे १०,००० पुरुष हवेत. म्हणजे वीस हजार जण, सात वर्षे. त्यातल्या निम्म्यांना पदरचा मार्गदर्शक देऊन दर आठवड्याला घाम गाळायला लावायचे, आणि उरलेल्या दहा हजारांनी त्यांच्याकडे बघून स्वतःहून धावायला सुरुवात करू नये अशी आशा बाळगायची.