‘विनंति’ शब्दाचा मूलार्थ

ठाणें, कल्याण व डोंबिवली या भागांतील घरगुती दप्तरांच्या ज्या कांहीं याद्या आमच्या पाहण्यांत आल्या, त्यांत शेवटीं ‘हे विनंति’ असलेलें प्रत्येक पत्र ‘मागणीअर्ज’ म्हणून नोंदलेलें आहे. इंग्रजी ‘रिक्वेस्ट’ शब्दाच्या मुळाशीं शोधणें हा लॅटिन अर्थ आहे. तेथें हवी असलेली वस्तु प्रधान. आमच्या शब्दाची घडण निराळी आहे.

‘विनंति’ ही वि + नम् यापासून, म्हणजे वांकण्यावरून, आली अशी समजूत रूढ आहे. संस्कृतांत ‘विनति’ शब्द आहे हें खरें. परंतु त्याचा अर्थ नम्रता एवढाच. सांगणें हा अर्थ त्यांतून सहज निघत नाहीं. संस्कृत ‘विज्ञप्ति’, प्राकृत ‘विण्णत्ति’, मराठी ‘विनंति’ ही परंपराच ग्राह्य होय. ‘पर्ण–पण्ण–पान’ यांत ‘ण्ण’चा ‘न’ होतो, व ‘भित्ति–भिंत’ यांत अनुस्वार उपजतो; तोच प्रकार येथें. ‘विज्ञप्ति’ म्हणजे श्रेष्ठास जाणविणें. जुन्या पत्रांतील ‘विज्ञापना’ ही तिची सख्खी बहीण. फारसीच्या द्वारें आलेल्या अरबी ‘अर्ज’ शब्दाचाही मूलार्थ पुढें मांडणें हाच आहे.

यावर आक्षेप येईल कीं, जैन संघ आचार्यांस चातुर्मासासाठीं बोलावण्याकरितां जीं पत्रें पाठवीत, त्यांसही ‘विज्ञप्तिपत्र’ म्हणतात. तें मान्य आहे. वडिलांस कळवितां कळवितां मागणें ओघानेंच येतें, व तोच अर्थ आज प्रबळ झाला. परंतु जुन्या पत्रास आजचा अर्थ चिकटविणें युक्त नव्हे. ‘लोभ असो द्यावा हे विनंति’ यांत मागितला असलाच तर लोभच.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. मराठ्यांनीं ठाणें 1737 त व वसई 1739 त घेतली. अशा मोहिमेंतून आलेलें, तोफा, होड्या व रसद यांची वार्ता सांगणारें पत्र सूचींत ‘मागणी’ या सदरांत पडलें, तर युद्धाचा अभ्यासक तें उघडूनही पाहणार नाहीं. कागद जपला जाऊन मजकूर मात्र हरवेल. म्हणून सूचीकारांनीं मायना व समाप्ति यांवर न विसंबतां मधला मजकूर वाचावा, व वृत्त, तक्रार, मागणी अशीं सदरें त्यावरूनच ठरवावीं, असें आमचें मत आहे. संग्राहकांनीं आपल्या याद्या या दृष्टीनें पुन्हा तपासाव्या, एवढेंच आमचें सांगणें. जुन्या अर्थानें हीही विनंतिच.