छपरावरचं ब्लीच आणि राहून गेलेलं टायट्रेशन

अमेरिकेत डांबरी शिंगलच्या छपरांवर काळे ओघळ दिसतात, बहुतेकदा ग्लिओकॅप्सा मॅग्मा या सायनोबॅक्टेरियाचे. त्यावर सोडियम हायपोक्लोराइट मारतात आणि उतारावर ते टिकावं म्हणून सर्फॅक्टंट घालतात. कोणता सर्फॅक्टंट, हे ठरतं 'आधी-नंतर'च्या फोटोंवरून. इथेच घोळ आहे. रंग तर नुसत्या ब्लीचनेही उडतो. पेशी मेल्या का, ते फोटो सांगत नाही. शिवाय काही सर्फॅक्टंट हायपोक्लोराइटच खाऊन टाकतात (अमाइन ऑक्साइड बऱ्यापैकी तग धरतात). तुम्ही असा प्रयोग आखलात तर मिश्रण केल्यावर लगेच आणि काही तासांनी आयोडोमेट्रीने उपलब्ध क्लोरीन मोजा. नुसत्या ब्लीचचा कंट्रोल नसलेला तक्ता मी तरी पुढे वाचत नाही. आम्ल मात्र चाचणीपुरतंही त्या बादलीत टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो.